पत्र आणणारा जासूद कोणाचा? ईमेलची एसपीएफ पडताळणी समजून घेताना

ईमेलच्या माथ्यावर प्रेषक म्हणून जो पत्ता आपल्याला दिसतो, तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला असतो आणि तो खरा आहे की नाही, हे तपासण्याची कोणतीही सोय मूळ ईमेल-व्यवस्थेत ठेवलेली नव्हती. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण पासवर्ड आपल्याकडे असताना दुसरा कोणी आपल्या पत्त्यावरून पत्र कसे पाठवू शकेल, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. परंतु पासवर्ड लागतो तो आपली पेटी उघडण्यासाठी आणि आपल्या सर्व्हरमार्फत पत्र पाठवण्यासाठी. भलत्याच सर्व्हरवर बसून पत्रावर आपले नाव लिहिणाऱ्याला तो लागतच नाही. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकताना मागच्या बाजूला कोणाचाही पत्ता लिहिला तरी पोस्ट खाते त्याची चौकशी करत नाही, तसाच हा प्रकार आहे. अशी तोतया पत्रे ओळखण्यासाठी गेल्या वीसेक वर्षांत ज्या पद्धती उभ्या राहिल्या, त्यांपैकी सर्वांत आधी रुळलेली आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमजांना बळी पडलेली पद्धत म्हणजे 'सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क', अर्थात एसपीएफ. ती नेमका कोणता प्रश्न विचारते आणि कोणता विचारत नाही, हे एकदा नीट कळले की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे ईमेल ज्या नियमांनी जाते, त्यांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये 'आरएफसी ८२१' या दस्तऐवजात ते नियम लिहिले, तेव्हा या जाळ्यावर जेमतेम काही शे संगणक होते आणि ते बहुतेक विद्यापीठे, संशोधन संस्था आणि सरकारी कार्यालये यांच्या ताब्यात होते. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तेव्हा दाराला कडी लावण्याची कोणाला गरज वाटत नाही. त्यामुळे त्या काळच्या आखणीला आज निष्काळजी म्हणणे योग्य होणार नाही. त्या नियमांनुसार होणारे संभाषण अगदी साधे असते. पाठवणारा सर्व्हर प्रथम 'हेलो' म्हणून स्वतःचे नाव सांगतो, मग 'मेल फ्रॉम' म्हणून पत्र कोणाकडून आहे ते सांगतो, त्यानंतर 'आरसीपीटी टू' म्हणून ते कोणासाठी आहे ते सांगतो आणि शेवटी 'डेटा' असे म्हणून पत्राचा सगळा मजकूर समोरच्याच्या हवाली करतो. समोरचा सर्व्हर प्रत्येक पायरीला आकड्यांत उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक आहे, पुढे बोला, आणि ५५० म्हणजे हे आम्ही घेणार नाही.

या संभाषणातील एक बारकावा पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे. 'मेल फ्रॉम' मध्ये सांगितलेला पत्ता हा पाकिटावरचा पत्ता असतो, तर आपण पडद्यावर वाचतो तो प्रेषकाचा पत्ता 'डेटा' नंतर आलेल्या मजकुराचा, म्हणजे पाकिटाच्या आतल्या कागदाचा भाग असतो. हे दोन पत्ते सारखेच असले पाहिजेत, असा कोणताही नियम नाही, आणि तसा नियम नसण्याला रास्त कारणही आहे. एखाद्या संस्थेच्या पत्रावर सही अध्यक्षांची असते, पण पत्र पोहोचले नाही तर ते परत यावे कार्यालयाकडे, म्हणून पाकिटावर कार्यालयाचा पत्ता असतो. ईमेलमध्येही न पोहोचलेल्या पत्राची सूचना पाकिटावरच्या पत्त्याकडे परत जाते. पत्र पोहोचल्यावर पाकीट बाजूला पडते. त्यावरचा पत्ता 'रिटर्न-पाथ' या नावाने पत्राच्या तांत्रिक माहितीत नोंदलेला असतो, पण वाचणारा तिकडे सहसा पाहत नाही.

पाकिटावर खोटा पत्ता लिहिला, तर त्याचा त्रास ज्याचा पत्ता चोरला त्यालाही होतो. १९९७ साली 'जोज् डॉट कॉम' या संकेतस्थळाच्या चालकाने स्पॅम पाठवणाऱ्या एका ग्राहकाचे खाते बंद केले, तेव्हा त्या ग्राहकाने चालकाच्याच नावाने असंख्य स्पॅम-पत्रे पाठवून सूड उगवला. चिडलेल्या लोकांच्या उत्तरांचा भडिमार इतका झाला की ते संकेतस्थळ काही काळ बंद पडले. अशा प्रकाराला तेव्हापासून 'जो जॉब' हे नावच पडले. ज्याने एक ओळही लिहिलेली नाही त्याच्या पेटीत 'तुमचे पत्र पोहोचले नाही' अशा हजारो सूचना येऊन पडणे, हा पुढच्या काही वर्षांत स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात ॲट चिन्हापुढे येणारे नाव, बाळगणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव झाला.

मग या संपूर्ण संभाषणात खोटे सांगता येणार नाही असे काही आहे का? हेलोमधले नाव खोटे असू शकते, पाकिटावरचा पत्ता खोटा असू शकतो, आतला मजकूर तर खोटा असू शकतोच. खोटी सांगता येत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे समोरून बोलणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या यंत्राची ओळख असलेला क्रमांक. याचे कारण संभाषणाच्या खालच्या थरात आहे. एसएमटीपीचे बोलणे सुरू होण्याआधी दोन यंत्रांमध्ये टीसीपी या नियमांनुसार जोडणी व्हावी लागते. त्यासाठी पहिले यंत्र एक आकडा पाठवते, दुसरे यंत्र आपला एक आकडा परत पाठवते आणि तो आकडा आपल्याला मिळाला, हे पहिल्याने सांगावे लागते. पहिल्याने आपला आयपी पत्ता खोटा सांगितला असेल, तर दुसऱ्याचा आकडा त्या खोट्या पत्त्यावर, म्हणजे भलत्याच यंत्राकडे जातो आणि ठग तिकडे वाट पाहत बसतो. तो आकडा बत्तीस बिटांचा आणि सहज न ओळखता येणारा असल्यामुळे अंदाजाने सांगणे जवळजवळ अशक्य असते. इंटरनेटचे मार्गच वळवून दुसऱ्याचा आयपी पत्ता बळकावण्याचे प्रकार घडतात, पण रोजच्या स्पॅमवाल्याच्या आवाक्यातले ते काम नव्हे.

म्हणजे पत्र घेणाऱ्या सर्व्हरला एवढे खात्रीने माहीत असते की दारात उभा असलेला जासूद कोण आहे. त्याला माहीत नसते ते हे, की तो ज्या घराचे नाव सांगतो आहे त्या घराने त्याला खरोखर पाठवले आहे का. याचे उत्तर देऊ शकेल असे एकच ठिकाण आहे: त्या घराने स्वतः जाहीर केलेली यादी. आणि अशी यादी लावण्यासाठी सार्वजनिक फळा आधीपासून तयारच होता, तो म्हणजे डीएनएस, अर्थात डोमेनांची माहिती ठेवणारी इंटरनेटची नोंदवही. एखाद्या डोमेनच्या डीएनएसमधील नोंदी त्या डोमेनच्या मालकालाच बदलता येतात, पण वाचता मात्र सगळ्यांना येतात. या फळ्यावर १९८६ पासून 'एमएक्स' नावाची नोंद ठेवली जात होती. आमच्या डोमेनसाठी आलेले पत्र कोणत्या सर्व्हरकडे द्यावे, हे ती सांगते. पत्र आत कुठून घ्यायचे ते लिहिलेले होते, पण आमची पत्रे बाहेर कुठून पडतात हे कोठेच लिहिलेले नव्हते. एसपीएफची कल्पना म्हणजे या अर्ध्या राहिलेल्या नोंदीची दुसरी बाजू होय.

ही कल्पना एकाच व्यक्तीची नव्हे. पॉल व्हिक्सी यांनी २००२ मध्ये तिचे टिपण मांडले. जर्मनीतील हाडमुट डानिश यांनी 'आरएमएक्स', म्हणजे उलटा एमएक्स, या नावाने प्रस्ताव दिला, आणि गॉर्डन फेसिक यांचाही तशाच धर्तीचा प्रस्ताव होता. २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी हे धागे एकत्र गुंफले. सुरुवातीला या पद्धतीचे नाव 'सेंडर परमिटेड फ्रॉम' असे होते. एसपीएफ ही अक्षरे तीच ठेवून पुढे त्याचे 'सेंडर पॉलिसी फ्रेमवर्क' झाले. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने स्वतःची वेगळी पद्धत पुढे आणली आणि दोन्हींचा मेळ घालण्यासाठी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने २००४ मध्ये एक कार्यगट नेमला. परंतु मायक्रोसॉफ्टच्या पेटंटच्या परवान्यावर अपाचे आणि डेबियन यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांनी आक्षेप घेतला आणि तो गट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुंडाळावा लागला. त्यामुळे एसपीएफला २००६ मध्ये 'प्रायोगिक' एवढाच दर्जा मिळाला आणि प्रमाणाच्या वाटेवर ते आले ते थेट एप्रिल २०१४ मध्ये, 'आरएफसी ७२०८' या दस्तऐवजाने. तोपर्यंत अर्धे जग ते वापरत होते, ही गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष नोंद कशी असते ते पाहू. समजा, एका सार्वजनिक वाचनालयाचे स्वतःचे डोमेन आहे, कार्यालयात एक मेल सर्व्हर आहे आणि सभासदांना जाणारी मासिक पत्रिका एका बाहेरच्या सेवेमार्फत पाठवली जाते. त्या वाचनालयाची एसपीएफ नोंद फोनवर वाचून दाखवायची झाली, तर ती साधारण अशी ऐकू येईल: 'व्ही बरोबर एसपीएफ१, आयपी४, १९२.०.२.२५; एमएक्स; इन्क्लूड, पुढे पत्रिका पाठवणाऱ्या सेवेचे डोमेन; उणे ऑल.' पहिला शब्द ही एसपीएफची नोंद आहे एवढेच सांगतो. दुसरा सांगतो की या आयपी पत्त्यावरून आलेले पत्र आमचे समजावे. तिसरा सांगतो की आमची पत्रे जे सर्व्हर स्वीकारतात, त्यांनी आमच्या नावाने पत्र पाठवले तरी ते चालेल. चौथा सांगतो की त्या सेवेने आपल्या यादीत ज्यांना मान्यता दिली आहे, त्यांना आमचीही मान्यता आहे. आणि शेवटचा सांगतो की यात न बसणारा कोणीही आमचा नव्हे.

पत्र घेणारा सर्व्हर ही नोंद वाचताना डावीकडून उजवीकडे जातो आणि पहिल्या जुळणाऱ्या शब्दाशी थांबतो. म्हणून 'ऑल' हा शब्द नेहमी शेवटी हवा. तो सगळ्यांशीच जुळत असल्यामुळे त्याच्या पुढे लिहिलेले कोणी वाचत नाही. 'ऑल' च्या आधीचे चिन्ह मालकाचा कल दाखवते. उणे चिन्ह म्हणजे स्पष्ट नकार, लाटेसारखे चिन्ह म्हणजे 'बहुधा आमचा नव्हे, पण परत पाठवू नका, संशयाने पाहा', प्रश्नचिन्ह म्हणजे आमचे काहीच म्हणणे नाही. अधिक चिन्ह लावले, तर जगातील प्रत्येक यंत्र आपले अधिकृत सर्व्हर ठरते. तरीही असे लिहिलेल्या नोंदी सापडतात, कारण पत्रे अडकू लागली की कोणीतरी घाईत ते चिन्ह बदलतो, पत्रे जाऊ लागतात आणि मग त्याकडे कोणी वळून पाहत नाही. याउलट, ज्या डोमेनवरून ईमेल कधीच पाठवले जात नाही, त्याच्यासाठी फक्त 'व्ही बरोबर एसपीएफ१, उणे ऑल' एवढीच नोंद लावून ठेवणे हा पाच मिनिटांचा आणि अत्यंत उपयोगी उपाय आहे. मुख्य डोमेनची नोंद त्याच्या उपडोमेनांना, म्हणजे त्याच नावाच्या आधी आणखी एक शब्द जोडून केलेल्या नावांना, आपोआप लागू होत नाही, हेही अनेकांच्या ध्यानात नसते.

'इन्क्लूड' या शब्दाने तर पुष्कळांची फसगत केली आहे. त्यावरून वाटते की दुसऱ्याची यादी आपल्या यादीत जशीच्या तशी चिकटवली जाते. प्रत्यक्षात तिथे 'त्यांच्या यादीनुसार हा जासूद उत्तीर्ण होतो का' एवढेच विचारले जाते आणि उत्तर नाही आले, तर पुढच्या शब्दाकडे वळले जाते. म्हणून त्यांच्या यादीच्या शेवटी उणे ऑल असले, तरी आपले पत्र तेवढ्याने नाकारले जात नाही. हे नाव निवडताना चूक झाली, अशी कबुली आरएफसी ७२०८ मध्येच दिलेली आहे. मानकांच्या रूक्ष भाषेत असा प्रांजळपणा क्वचितच आढळतो.

या शब्दाच्या सोयीला एक किंमतही आहे. 'इन्क्लूड', 'एमएक्स' यांसारख्या प्रत्येक शब्दासाठी पत्र घेणाऱ्याला डीएनएसमध्ये पुन्हा शोध घ्यावा लागतो आणि असे शोध एका तपासणीत दहापेक्षा जास्त होता कामा नयेत, असा नियम आहे. हा नियम नसता, तर एखाद्याने मुद्दाम शंभर फांद्यांची नोंद लिहून दुसऱ्यांच्या सर्व्हरना आणि डीएनएसला राबवून घेतले असते. पण आज एका मध्यम आकाराच्या संस्थेची पत्रे कार्यालयीन मेल, हिशेबाचे सॉफ्टवेअर, ग्राहक-तक्रारींची सेवा, पत्रिका आणि नोकरभरती अशा पाचसहा ठिकाणांहून निघतात, आणि प्रत्येक सेवेच्या यादीत पुन्हा तिच्या उपयाद्या असतात. दहाचा आकडा केव्हा ओलांडला गेला, हे कळतही नाही, आणि मग निकाल पास किंवा फेल असा न येता 'नोंदच सदोष आहे' असा येतो. एकाच डोमेनसाठी चुकून एसपीएफच्या दोन नोंदी लावल्या तरी नेमका हाच निकाल येतो. मी एका लहान संस्थेची मेल-व्यवस्था सांभाळत होतो तेव्हा नवीन सेवेच्या माहितीपत्रकात 'ही नोंद जोडा' असे लिहिलेले पाहून जुन्या नोंदीत भर घालण्याऐवजी शेजारी दुसरी नोंद लावून बसलो, आणि आठवडाभर आमची पत्रे का रखडतात, याचा शोध दुसरीकडेच घेत राहिलो.

याहून गंभीर बाब म्हणजे आपण ज्यांना यादीत घेतो, त्यांच्या सचोटीवर आणि सावधपणावर आपली सुरक्षितता टांगलेली राहते. गार्डिओ लॅब्स या कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड केलेले प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यात ८,००० हून अधिक डोमेन वापरून स्पॅम पाठवले जात होते आणि ती डोमेन नामांकित संस्थांची होती. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या संकेतस्थळाचे एक उपडोमेन वीसेक वर्षांपूर्वी एका जाहिरात-स्पर्धेसाठी दुसऱ्याच एका डोमेनकडे वळवलेले होते; स्पर्धा संपली, ते दुसरे डोमेन मालकाने सोडून दिले, पण वळवणारी नोंद तशीच राहिली. ठगांनी ते सोडलेले डोमेन पैसे भरून आपल्या नावावर घेतले आणि त्याबरोबर एमएसएनच्या त्या उपडोमेनची एसपीएफ नोंदही त्यांच्या हातात आली. तिच्यात यादीत यादी घालून त्यांनी १७ हजारांहून अधिक आयपी पत्त्यांना अधिकृत करून टाकले. तपासणी अचूक झाली, निकाल पास आला आणि पत्र ठगाचे होते. यात एसपीएफ फसले असे म्हणता येत नाही. ते यादी वाचते, यादी कोणी लिहिली हे पाहणे त्याचे कामच नव्हे.

मोठ्या सेवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. एकाच सेवेचे हजारो ग्राहक तेच आयपी पत्ते वापरतात. त्या सेवेला यादीत घेतले की तिथला दुसरा कोणी ग्राहकही, सेवेने आपल्या बाजूने अटकाव केला नसेल तर, आपल्या नावाने पत्र पाठवू शकतो आणि ते पास ठरते. अधिकृत सर्व्हरवरून आलेले पत्र आणि अधिकृत माणसाने पाठवलेले पत्र यांत अंतर आहे, आणि एसपीएफ पहिल्याचीच ग्वाही देते.

उलट बाजूने, अगदी खरे पत्रही एसपीएफमध्ये नापास होऊ शकते आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पुढे धाडलेले पत्र. अनेक महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांना आयुष्यभराचा पत्ता देतात, आणि त्यावर आलेले पत्र विद्यार्थ्याच्या खासगी पेटीकडे आपोआप पुढे जाते. मूळ पत्र वाचनालयाच्या अधिकृत सर्व्हरवरून महाविद्यालयात आले, तेथपर्यंत सारे सुरळीत होते. पण तेथून पुढे जाताना पाकिटावर पत्ता वाचनालयाचाच राहतो आणि दारात जासूद उभा राहतो महाविद्यालयाचा. तो वाचनालयाच्या यादीत नसतो, म्हणून निकाल फेल. यावर 'सेंडर रीरायटिंग स्कीम' हा उपाय निघाला. त्यात पुढे धाडणारा सर्व्हर पाकीट बदलून त्यावर स्वतःच्या डोमेनचा पत्ता घालतो आणि मूळ पत्ता त्याच्याच पोटात गुंडाळून ठेवतो, म्हणजे न पोहोचल्याची सूचना परतीच्या वाटेने योग्य घरी जाऊ शकते. अनेक ठिकाणी तो वापरतात, सगळीकडे नाही.

या उणिवेमुळे जासुदाबरोबर शिक्काही तपासणारी दुसरी पद्धत आवश्यक ठरली. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी मोर्तब उठवत असत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असे, आणि तिचा हेतू असा की पत्र इथे संपले, याच्या खाली कोणी एक अक्षरही वाढवू नये. डीकेआयएम ही पद्धत हेच गणिती मार्गाने करते. पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावर आणि ठरावीक शीर्षकांवर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. ती पडताळण्याची उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. पत्र कोणत्याही हातांतून आले, तरी मजकूर बदललेला नसेल तर शिक्का शाबूत राहतो. याहूच्या आणि सिस्कोच्या दोन पद्धती एकत्र करून २००७ मध्ये ती सिद्ध झाली. गंमत अशी की पत्राचा फक्त अमुक लांबीपर्यंतचाच भाग सहीत धरावा, अशी एक सवलत तिच्यात ठेवलेली आहे, आणि ती वापरली तर सहीच्या खाली मजकूर वाढवता येतो. जुन्या कारकुनांनी जी वाट मोर्तबाने बंद केली होती, ती इथे मुद्दाम उघडी राहिली. ही सवलत न वापरण्याचाच सल्ला जाणकार देतात.

शिक्काही कच्च्या लाखेचा असून चालत नाही. डिसेंबर २०११ मध्ये झॅकरी हॅरिस या अमेरिकी गणितज्ञाला गूगलकडून नोकरीबद्दल विचारणारे पत्र आले. ते खरे आहे का, हे पाहताना त्याच्या लक्षात आले की गूगल केवळ ५१२ बिटांची किल्ली वापरत आहे. ही आपली परीक्षा असावी असे समजून त्याने ती किल्ली फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला पत्र पाठवले. त्याला उत्तर काही आले नाही. पण दोनच दिवसांत गूगलची किल्ली २,०४८ बिटांची झाली.

आता मूळ मुद्द्याकडे परत येऊ. एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासते आणि आपण वाचतो आतल्या कागदावरचा पत्ता. म्हणून ठगाला एसपीएफ चुकवण्याची गरजच नसते. तो स्वतःचे एक डोमेन घेतो, त्याची निर्दोष एसपीएफ नोंद लावतो, पाकिटावर त्या डोमेनचा पत्ता लिहितो आणि आतल्या कागदावर मात्र आपल्या बँकेचा. तपासणीचा निकाल येतो पास, आणि तो अगदी बरोबर असतो, कारण विचारलेला प्रश्न ठगाच्या डोमेनबद्दलचा होता. ही फट बुजवण्यासाठी पेपॅल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू आदींनी मिळून जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क ही तिसरी पद्धत जाहीर केली. तिचा नियम असा की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी उत्तीर्ण झालेले हवे आणि ज्या डोमेनच्या नावे ते उत्तीर्ण झाले, ते डोमेन वाचकाला दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळलेले हवे. न जुळल्यास काय करावे, हेही डोमेनचा मालक डीएनएसमध्ये लिहून ठेवतो: काही करू नका, संशयित पेटीत टाका किंवा नाकारा. शिवाय आपल्या नावाने कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून पत्रे आली, याचे अहवाल पत्र घेणारे सर्व्हर मालकाला पाठवतात, आणि माझ्या अनुभवात डीमार्कचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. आपली पत्रे कुठून कुठून निघतात, हे संस्थेला अनेकदा पहिल्यांदाच कळते.

डीमार्क आल्यावर एसपीएफच्या उणे ऑलचा अर्थही थोडा बदलला. काही सर्व्हर उणे ऑल पाहताच, पत्राचा मजकूर हाती घेण्याआधीच, ५५० असे उत्तर देऊन संभाषण संपवतात. मग पुढे धाडलेल्या पत्रावरचा शाबूत शिक्का तपासण्याची वेळच येत नाही. म्हणून ज्या डोमेनवरून पत्रे जातात आणि ज्याचे डीमार्क धोरण कडक आहे, त्याने एसपीएफच्या शेवटी लाटेचे चिन्ह ठेवावे, हे मत मला अधिक पटते. उणे चिन्हाचा आग्रह धरणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो.

कडक धोरणाची झळ निरपराधांनाही बसते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'नाकारा' हे धोरण लावले, तेव्हा याहूचा पत्ता वापरून चर्चा-गटांना लिहिणाऱ्यांची पत्रे जगभर परत जाऊ लागली, कारण गटाचे सॉफ्टवेअर विषयाच्या आधी गटाचे नाव किंवा शेवटी तळटीप जोडते आणि त्यामुळे शिक्का मोडतो, तर पाकीट गटाच्या नावाचे असल्याने एसपीएफही जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही पद्धती सक्तीच्या केल्या. जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला ५,००० पत्रांची आहे. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवेच. आपल्याकडील गृहनिर्माण संस्था असोत की परदेशातील महाराष्ट्र मंडळे, गणेशोत्सवाची पत्रिका एखाद्या फुकट जीमेल पत्त्याच्या नावाने पण बाहेरच्या सेवेमार्फत पाठवण्याची रीत जिथे आहे, तिथे ती पत्रिका आता स्पॅममध्ये जाण्याची शक्यता फार मोठी आहे, कारण जीमेल डॉट कॉमची एसपीएफ नोंद त्या मंडळाच्या हाती नाही. स्वतःचे डोमेन घेऊन त्याच्या नोंदी लावणे, हाच तिथे उपाय.

या तिन्ही पद्धती मिळूनही बँकेच्या नावासारखे दिसणारे, एखादे अक्षर बदललेले डोमेन पकडत नाहीत, कारण त्या डोमेनचा ठग हा खराखुरा मालक असतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाच्या डोमेनवर येण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, ती या दुसऱ्या दुखण्यावरची तजवीज आहे. ही डोमेन हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते आणि ती बँकांनाच मिळतात. पत्ता बँकेचा आहे हे शेपटावरून कळेल. पण त्या पत्त्यावरून पत्र खरोखर त्यांच्याच सर्व्हरने पाठवले का, हे पाहायला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लागतीलच.

आपल्या पेटीतील एखाद्या पत्राचा निकाल पाहायचा असेल, तर संगणकावर जीमेलमध्ये पत्र उघडून उजवीकडच्या तीन टिंबांच्या यादीतून 'शो ओरिजिनल' हा पर्याय निवडावा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल एकाखाली एक दिसतात. तिथे एसपीएफसमोर पास लिहिलेले पाहून थांबू नये. खालच्या मजकुरात 'रिटर्न-पाथ' ही ओळ शोधून त्यातले डोमेन आणि 'फ्रॉम' या ओळीतले डोमेन शेजारी शेजारी वाचावे. पत्रिका पाठवणाऱ्या सेवांच्या बाबतीत ती दोन प्रामाणिकपणेही वेगळी असू शकतात, तेव्हा डीकेआयएमच्या ओळीतले डोमेन प्रेषकाच्या डोमेनशी जुळते का, ते पाहावे. मोबाइलवर पुष्कळदा पत्ताही दिसत नाही, फक्त नाव दिसते, आणि ते नाव या तिन्हींपैकी कोणतीही पद्धत तपासत नाही.